एकशे बारावं पान

१

पान एकशे अकरा होतं आणि त्याच्या पुढे थेट एकशे तेरा.

रेकॉर्डबाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. दर पानाला पाठपोट मिळून एकच आकडा होता; एकशे बारा काही आलं नाही.

"गुरुजी, हे रजिस्टर सापडल्यापासून कोणाकोणाच्या हाताला लागलं?"

गुरुजी खिडकीशी पाठमोरे उभे होते. गावच्या शाळेचे हेडमास्तर, चव्वेचाळीसचे. पण उभं राहण्याची तऱ्हा अशी, की जणू कोणी आत्ताच रागावून गेलंय. या बंद पडलेल्या स्टेशनाचं वाचनालय करायचं, हा ध्यास त्यांचा. इमारत गावाच्या ताब्यात देण्याआधी तिथले जुने कागद ताब्यात घ्यायचे आणि स्टेशनाचा चार पानी इतिहास लिहून आणायचा, म्हणून रेल्वेच्या जुन्या दप्तराच्या कचेरीने बाईंना पाठवलं होतं. कचेरीत त्यांना सगळे रेकॉर्डबाईच म्हणत. तीस वर्षं कागदांत काढल्यावर आपलं खरं नाव त्यांना स्वतःलाही फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं.

"सोमवारी सुताराने तिकिटांचं कपाट भिंतीपासून उपटलं," गुरुजी म्हणाले, "आणि मागून हे खाली पडलं. सुतार होता, मी होतो, आबा होते. मी ते टेबलावर ठेवलं आणि तुमच्या कचेरीला फोन केला. त्यानंतर खोली बंद. आज बुधवार. कुलूप तुमच्या समोरच काढलं."

"तुम्ही उघडून पाहिलं?"

"नाही."

दारातल्या स्टुलावर बसलेल्या आबांनी खाकरून बाहेर पाहिलं. आबा म्हणजे या स्टेशनाचा शेवटचा सांधेवाला, गाड्यांसाठी रूळ बदलणारा. सांधे गेले, रूळ गेले, ऐंशीला टेकलेला सांधेवाला तेवढा राहिला. आणि त्याच्या कमरेला स्टेशनाची किल्ली.

बाईंनी गाड्यांच्या नोंदींचं ते रजिस्टर उजेडात धरलं. छत्तीस वर्षांपूर्वीच्या अपघाताच्या चौकशीत ज्याच्यासाठी सगळं स्टेशन पालथं घातलं गेलं होतं, तेच हे. 'गहाळ', असा शेरा मारून फाइल मिटली होती. आणि आता ते सापडलं, तर नेमकं अपघाताच्या दिवसाचं पान नाही.

त्यांनी वहीचा कणा उलगडला. तिथे त्यांची बोटं थांबली. सगळी वही जाड, काळपट पडलेल्या सुतळीने शिवलेली होती. फक्त एका जागी चार टाके निळ्या दोऱ्याचे होते. बारीक, एकसारखे, आणि स्वच्छ. छत्तीस वर्षांची धूळ सगळ्या वहीवर होती, त्या चार टाक्यांवर नव्हती.

"हे पान तेव्हा गेलेलं नाही," बाई म्हणाल्या. "सोमवारनंतर गेलंय. बंद खोलीतून."

२

दुपारी बाईंनी स्टेशन पायी पाहून घेतलं. पाहण्यासारखं फार नव्हतं, आणि जे होतं ते माणसाला गप्प करणारं होतं. फलाट होता, पण त्याच्या कडेखाली रूळ नव्हते. नुसती खडीची लांबच लांब पट्टी, गवतात शिरून वळणाआड गेलेली. नावाच्या पाटीवरचा रंग उडून गेला होता, नुसता पांढरट पत्रा उरला होता. वेटिंगरूममधल्या बाकावर माणसं टेकून टेकून भिंतीला डोक्यांचे तेलकट डाग पडले होते. एकाशेजारी एक असे सात डाग. बाई तिथे घटकाभर बसल्या, पण भिंतीला डोकं टेकवायचा धीर त्यांना झाला नाही.

गुरुजी बरोबर होते. स्टेशनाचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. दगडाच्या खाणीसाठी ही लाइन टाकली. खाण जोरात होती तेव्हा दिवसाला सहा गाड्या थांबायच्या, फलाटावर फुलझाडांच्या कुंड्या होत्या, पाणी भरायला इंजिनं रांग लावायची. मग खाण बसली. सहाच्या दोन झाल्या. मग तो अपघात, आणि वर्षभरात लाइनच उखडली.

"अपघात कसा झाला?" बाईंनी विचारलं. फाइल त्यांच्या पिशवीत होती. तरी त्यांना माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"माझे वडील इथे मुकादम होते. रुळांची देखभाल त्यांच्याकडे. त्या संध्याकाळी ते ढकलट्रॉली घेऊन लाइनवर होते. ट्रॉली बाहेर आहे हे स्टेशनमास्तर विसरला आणि त्याने मालगाडीला रस्ता मोकळा दिला." गुरुजींचा आवाज सपाट होता. फार वेळा म्हणून गुळगुळीत झालेला. "त्या वळणावर. मी आठ वर्षांचा होतो."

"मास्तरांचं पुढे काय झालं?"

"कबूल केलं, नोकरी गेली. त्याच वर्षी थंडीत एका सकाळी फलाटाच्या टोकाला मरून पडलेला सापडला. गाव म्हणतं, अजून आहे तो इथेच."

"तुम्ही काय म्हणता?"

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला बाई, निघू या आता."

आबांनी कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. तिघंही फलाट उतरून पायवाटेला लागले. ऊन कलतं झालं होतं, वारा पडला होता. आबांची चाल अचानक वाढली, तशी बाईंच्या लक्षात आलं, की हा म्हातारा कशापासून तरी लांब जातोय.

पाचाला दहा कमी होते.

मागे, बंद इमारतीच्या आतून, घंटा वाजली.

स्टेशनाची घंटा म्हणजे ऑफिसात छताला टांगलेला रुळाचा तुकडा. बाईंनी सकाळीच पाहिला होता. गाडी येताना वाजते तशी ती संथ वाजत नव्हती. कोणी हातातलं बळ संपेपर्यंत, जीव खाऊन बडवावी तशी वाजत होती. मग जशी सुरू झाली तशी थांबली.

"रोज," आबा मागे न बघता म्हणाले. "रोज याच वेळेला. मास्तर आहेत ते."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी आबांना त्यांच्या अंगणात गाठलं.

"आबा, एक किल्ली तुमच्याकडे. दुसरी?"

"मागच्या दाराची होती. मास्तरांपाशी. ते गेले, ती गेली."

"मंगळवारी कोणी आत गेलं होतं?"

"कोण जाणार? मी दारातच तर असतो. सोमवारी मात्र..." आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घासले. "सुतार गेल्यावर गुरुजी तासभर आत होते. एकटे. मी आपला बाहेर. आले ते चेहरा असा, कागदासारखा. मला म्हणाले, आबा, कुलूप लावा. बस."

"आणि मला म्हणाले, उघडलं नाही."

"आता मोठ्या माणसाचं मी काय सांगू बाई? मला वाचता येत नाही. मला काळं तेवढं शाईचं कळतं." म्हातारा जरा थांबला. "मंगळवारी पाथरवट आला होता दगड घेऊन. वाचनालयाच्या भिंतीत लावायचा. मुकादमांचं नाव, आणि खाली मास्तरांमुळे ते गेले असं काहीसं. नावापुरतं खोदून झालं होतं, खालचं राहिलं होतं. गुरुजींनी त्याला परत पाठवला. म्हणाले, पुढचं खोदू नकोस. मी सांगेपर्यंत हात लावू नकोस."

"मंगळवारी कधी?"

"सकाळीच. शाळा भरायच्या आधी."

बाईंनी ते वहीत टिपलं आणि शाळेच्या रिकाम्या वर्गात जाऊन दोन कागद शेजारीशेजारी मांडले. एक मास्तरांचा चौकशीतला जबाब. तो अवघ्या दोन ओळींचा होता: 'ट्रॉली लाइनवर असल्याचे मी विसरलो. दोष सर्वस्वी माझा.'

दुसरं, फाइलबरोबर कचेरीतून आणलेलं पुढच्या स्टेशनाचं रजिस्टर. दप्तराच्या कामात मुरलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते: रेल्वेत एका स्टेशनाने लिहिलेलं शेजारच्या स्टेशनाच्या वहीतही उमटतं. गाडी सोडण्याआधी शेजारच्या स्टेशनाला विचारावं लागतं, सोडू का? तिकडून होकार आला तरच गाडी हलते. विचारलेली वेळ आणि होकाराची वेळ, दोन्ही ठिकाणी लिहायच्या. चौकशीत कोणी हे रजिस्टर उघडायची तसदी घेतली नव्हती. गुन्हेगाराने कबूलच केलं होतं.

बाईंनी बोट ओळीवरून नेलं. चार वाजून दहा मिनिटं: विचारलं. उत्तर नाही. सव्वाचार: पुन्हा विचारलं. उत्तर नाही. चार एकवीस: होकार.

अकरा मिनिटं.

विसरलेला माणूस थांबत नाही. ट्रॉली बाहेर आहे हे ज्याच्या डोक्यातच नाही, तो पहिल्या हाकेला होकार देऊन मोकळा होतो. मास्तर अकरा मिनिटं अडून बसले होते. म्हणजे ट्रॉली त्यांना चांगली आठवत होती, आणि ती परत येईपर्यंत त्यांनी मालगाडी रोखून धरली होती.

मग माणूस खोटं बोलला. आणि ते खोटं स्वतःच्याच गळ्यात बांधून घेतलं. का?

४

स्टेशनाच्या मागे मास्तरांचं क्वार्टर होतं. दोन खोल्या, एक पडवी. पडवीत शिवणयंत्र, आणि त्याच्यापाशी मास्तरीणबाई. लाइन उखडल्यावर घर खाली करा म्हणून सांगायलाही कोणी आलं नाही, म्हणून त्या राहिल्या त्या राहिल्याच. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी बाई. पण हात मात्र कामाचे, ठाम.

"या," त्या म्हणाल्या. "गावात तुमच्याबद्दल कळलं. बसा. आधी एवढी सुई ओवून द्या, डोळ्यांनी दगा दिलाय."

बाईंनी सुई ओवून दिली. दोरा निळा होता.

"तुमचे यजमान..." बाईंनी सुरुवात केली.

"चूक केली. कबूल केली. भोगली." मास्तरीणबाईंनी कापड यंत्राखाली सरकवलं. "त्यात आता काय उकरायचंय?"

"ते अपघाताचं रजिस्टर सापडलंय."

"हं."

यंत्र चालू झालं. बाई बघत राहिल्या. नवऱ्याच्या कपाळी लागलेला डाग छत्तीस वर्षं वागवणाऱ्या बाईला कळतं, की तो डाग खरा की खोटा हे सांगणारी वही सापडली. आणि ती विचारतसुद्धा नाही, त्यात काय आहे?

"गावाने तुम्हाला त्रास दिला असेल."

"नाही हो. त्रास द्यायला आधी बोलावं लागतं." यंत्र थांबलं. "माझ्याकडे शिवायला टाकतात, घेऊन जातात. विहिरीवर मी आले की दोर माझ्या हातात देतात आणि बाजूला होतात. मुकादमांची बायको होती तोवर ती एक बोलायची. गेली बिचारी सहा वर्षांपूर्वी. तिचा मुलगा, तो गुरुजी, समोरून आला तर वाट बदलतो. बदलू दे. गुणी मुलगा आहे. आईने भांडी घासून शिकवलं त्याला." त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "त्याला कशात गोवू नका, बाई. वाचनालय करतोय, करू दे. तो दगडही लावू दे."

"त्या दगडावर तुमच्या यजमानांबद्दल काय लिहिणार होते, ठाऊक आहे?"

"असू दे. लागू दे."

बाई उठल्या. जाताना त्या मुद्दाम स्टेशनाच्या मागच्या दारावरून गेल्या. पुढच्या दाराचं कुलूप आबांना काल सकाळी दोन्ही हातांनी झगडून काढावं लागलं होतं. गंजून कचकचत होतं. मागचं कुलूप त्याहून जुनं होतं. बाईंनी त्याच्या भोकाला बोट लावलं. बोटाला तेल आलं. ताजं, पातळ, शिवणयंत्राला घालतात तसलं.

५

त्या संध्याकाळी साडेचारला बाईंनी तिघांना स्टेशनाच्या ऑफिसात बोलावलं. गुरुजी खिडकीपाशी उभे राहिले, मास्तरीणबाई दाराजवळच्या बाकावर. दोघांच्या मध्ये टेबल, टेबलावर रजिस्टर, आणि वर टांगलेला रुळाचा तुकडा. आबा उंबऱ्यावर, अर्धे आत अर्धे बाहेर.

"मी पोलीस नाही," बाई म्हणाल्या. "पान हरवलं हे मला अहवालात लिहावं लागेल. कोणी नेलं, हे लिहायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. आबा, तुम्हाला यातून आधीच मोकळं करते. ज्याला वाचता येत नाही, त्याला दीडशे पानांतून तेवढंच पान सापडणार नाही."

आबांनी सुस्कारा सोडला, पण उठले नाहीत.

"गुरुजी, तुम्ही खोटं बोललात. सोमवारी तासभर तुम्ही हे वाचलंत."

गुरुजींचा चेहरा उतरला. "हो," ते म्हणाले.

"मला आधी तुमचाच संशय आला. मास्तर विसरले नव्हते, हे मला शेजारच्या स्टेशनाच्या वहीतून कळलं. त्यांनी अकरा मिनिटं गाडी रोखली होती. म्हणजे त्या पानावर मास्तरांना सोडवणारं काहीतरी होतं, आणि मास्तर सुटले की दोष दुसऱ्या कोणावर तरी जाणार. तिथे दुसरं होतंच कोण? तुमचे वडील. पान नाहीसं व्हावं असं वाटायला तुमच्याइतकं कारण कोणालाच नव्हतं."

"मी नेलं नाही."

"ठाऊक आहे. मंगळवारी सकाळी तुम्ही पाथरवटाला थांबवलंत. पान दडपणाऱ्या माणसाने तो दगड उलट घाईने लावला असता. तुम्ही खोदकाम थांबवलंत, कारण त्यावरचं खोटं आहे हे तुम्हाला कळलं होतं, आणि ते तसंच भिंतीत बसवायला मन धजेना. असा माणूस दुसऱ्या बाजूने पान चोरत नाही."

बाईंनी रजिस्टर उघडून कणा वर केला.

"हे टाके बघा. वहीत एक ताव दुमडला की दोन पानं होतात. एक पान कापलं की जोडीचं सुटं होऊन गळून पडतं. एकशे बाराच्या जोडीचं पान सत्याण्णव. त्यावर काय आहे? काही नाही. एका साध्या दिवसाच्या गाड्या. कोणत्याही चोराने ते गळू दिलं असतं. या चोराने बसून, सुई घेऊन, ते पुन्हा जागेवर शिवलं. का? तर त्यावर मास्तरांचं अक्षर आहे. ते अक्षर हरवू नये असं वाटणारं माणूस या गावात एकच आहे. तिच्याकडे निळा दोरा आहे, मागच्या दाराची किल्ली आहे, आणि ती त्या कुलपाला यंत्राचं तेल घालते. भुताला किल्ली लागत नाही, मास्तरीणबाई."

मास्तरीणबाई हलल्या नाहीत.

"एकच मला उलगडत नव्हतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ज्या एका कागदाने तुमच्या नवऱ्याचं नाव धुऊन निघालं असतं, तो तुम्हीच का चोरावा?"

गुरुजी वळून त्या म्हातारीकडे बघत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिल्याचं आबांना आठवत नव्हतं.

मास्तरीणबाईंनी पदराआडून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"जाळणार होते," त्या म्हणाल्या. "काडीसुद्धा ओढली होती. अक्षर बघितलं आणि विझवली."

६

अक्षर सुरेख होतं, शेवटी शेवटी थरथरलेलं. बाईंनी मोठ्याने वाचलं नाही. गुरुजींनी आधीच वाचलं होतं, आणि म्हातारीला पाठ होतं.

'४.२०. मुकादम ट्रॉलीसह परत. ट्रॉली रुळावरून उतरवली.' शेजारी मुकादमाची सही. '४.२१. मालगाडीस होकार.' आणि शेवटच्या रकान्यात, दाटीवाटीने: 'मुकादम न विचारता ट्रॉली पुन्हा रुळावर घालून फाटकाकडे गेले. मुलास शाळेतून आणण्यास. ४.५० पर्यंत घंटा दिली. ऐकू गेली नाही.'

"मी कपडे वाळत घालत होते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मुकादम ट्रॉली ढकलत गेले. मला म्हणाले, वहिनी, पोराला घेऊन येतो, ट्रॉलीवर बसायचंय त्याला. मी हसले. या म्हटलं. गाडी सुटलीय हे मला कुठे ठाऊक? थोड्या वेळाने आत जाऊन सहज यांना सांगितलं. हे खुर्चीतून उठले ते सरळ घंटेपाशी. दुसरं काही हातात नव्हतंच. गाडी मागे बोलवता येत नाही. फुटेस्तोवर बडवत राहिले. ट्रॉलीच्या खडखडाटात त्यांना ऐकूच गेलं नसणार."

त्यांनी वरच्या रुळाच्या तुकड्याकडे पाहिलं.

"यांनी आधी सगळं खरं लिहून काढलं. सवयच ती. मग संध्याकाळी मुकादमांची बायको आली. रडत नव्हती. म्हणाली, मास्तर, माझं घर जाईल ते जाऊ दे, पण बाप आपल्याला आणायला निघाला म्हणून मेला, हे माझ्या पोराला कधी कळू देऊ नका. ते जगायचं नाही. ती गेल्यावर हे उठले आणि वही कपाटामागे सोडली."

"आणि तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"मला कोणी विचारलं नाही. पण ते गेले, मग तो शब्द माझ्याकडे आला. सोमवारी सुताराने वही काढली असं ऐकलं, तशी किल्ली घेऊन उठले. वाटलं, अजून कोणी उघडली नसेल. पोहोचू आपण." त्या गुरुजींकडे वळल्या. "तू आधीच वाचलंस रे."

"काकू," गुरुजी म्हणाले.

छत्तीस वर्षांत हा शब्द गुरुजींच्या तोंडून आला नव्हता, तो असा अचानक आला की आबांनी उंबऱ्यावरून मान वर केली.

"काकू, मला कळू नये म्हणून? मी त्या फाटकावर उभा होतो. बाबा रोज मला आणायला यायचे. ट्रॉलीवर बसवा म्हणून त्या दिवशी सकाळी मीच रडलो होतो. मला घंटा ऐकू आली. वाऱ्यावरून माझ्याकडेच येत होती ती. मी वाट बघत होतो, आणि आधी मालगाडी आली." त्यांनी खिडकीची चौकट धरली. "मी कोणाची वाट बघत होतो, हे मला कोणी सांगायला हवं होतं का?"

मास्तरीणबाईंनी टेबलावरच्या त्या पानाकडे पाहिलं.

"आईला कधी बोललो नाही. तिला वाटायचं मला ठाऊक नाही, मला वाटायचं तिला ठाऊक नाही. मग कोणीतरी म्हणालं, मास्तर विसरला. ते धरून ठेवलं मी. दोन्ही हातांनी. तो दोषी नसता, तर मग कोण उरत होतं? मीच ना? म्हणून तुमच्या वाटेला आलो नाही. तुम्हाला बघितलं, की खोटं सुटायला लागायचं."

"मग आम्ही कशासाठी..." म्हातारी उठून उभी राहिली. "छत्तीस वर्षं! छत्तीस वर्षं मी त्या विहिरीवर खाली मान घालून उभी राहिले. तो माणूस रोज त्या फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहायचा, जेवायचा नाही, झोपायचा नाही, तिथेच पडला. मी रोज येऊन ती घंटा बडवते, की आज तरी मुकादम मागे वळून बघतील. आणि तुला ठाऊक होतं!"

कोणी तिला थांबवलं नाही. ती खूप बोलली. नवऱ्याला, मुकादमांच्या बायकोला, गावाला, आणि समोर उभ्या असलेल्या माणसालाही. गुरुजी सगळं ऐकत राहिले. एकदाही त्यांनी मान फिरवली नाही. भिंतीवरच्या उन्हाचा चौकोन वर सरकला आणि विझला. पाचाला दहा कमी कधी झाले आणि कधी उलटले, ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

शेवटी ती दमून बाकावर बसली. गुरुजी टेबलाला वळसा घालून आले आणि खाली फरशीवर बसले, तिच्या पायांशी.

"ते पान वहीत परत लावायचं आहे," ते बाईंना म्हणाले. "इतिहास मी नव्याने लिहीन. फाटकावरचा मुलगाही त्यात लिहीन. दगडावर दोन नावं येतील."

बाईंनी मान हलवली. अहवालात काय लिहायचं ते त्यांचं ठरलं: अपघाताच्या दिवसाची नोंद मूळ रजिस्टरमध्ये मिळाली, सोबत जोडली आहे. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

त्या कागद आवरायला लागल्या, तेव्हा गुरुजी खालच्या आवाजात म्हणत होते, "काकू, मला बाबा नीट आठवतच नाहीत. आठवायला गेलं की वळणच दिसतं. तुम्ही शेजारी होतात. कसे होते ते?"

मास्तरीणबाईंनी नाक पुसलं. मग त्यांच्या ओठांचा एक कोपरा नकळत हलला.

"पालीला घाबरायचा तुझा बाप," त्या म्हणाल्या. "एवढा सहा फुटी गडी, खांद्यावर रूळ उचलायचा, आणि एकदा दिव्याच्या पेटीत पाल निघाली तर फलाटावरच्या बाकावर चढून उभा! वहिनी, वहिनी, म्हणून ओरडतोय. समोर पॅसेंजर थांबलेली, सगळा डबा बघतोय. हे ऑफिसातून धावत आले, यांना वाटलं आग लागली..."

"आणि मास्तरही चढले," उंबऱ्यावरून आबा म्हणाले. "दुसऱ्या बाकावर. मी बघितलंय."

"तेही चढले," म्हातारी म्हणाली. गुरुजी हसले. हसता हसता त्यांनी चेहरा दोन्ही हातांत झाकला, आणि मास्तरीणबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून पुढचं सांगायला सुरुवात केली.